शेवटचा फर्मा

"भाऊ, ह्याचा शेवट कुठंय?"

नर्सबाईंनी पुस्तक गल्ल्यावर ठेवलं. कव्हरवर अजून पुस्तकवाल्याच्या हातची चिठ्ठी होती. 'मी वाचलेलं, मला आवडलेलं. शेवट विसरता येणार नाही.'

पुस्तकवाल्याने आधी चिठ्ठीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"म्हणजे?"

"म्हणजे हे बघा." त्यांनी मागची पानं उघडून दाखवली. "एकशे शहात्तरपर्यंत सगळं ठीक. पुढं परत एकशे एकसष्ट. तीच पानं पुन्हा, आणि मग एकदम पुठ्ठा."

"बाइंडरची चूक," तो घाईने म्हणाला. "सोळा पानांचा एकेक फर्मा असतो. शेवटचा लावायचा सोडून त्याने आधीचाच दोनदा बांधलाय. दुसरी प्रत देतो."

त्याने फळीवरून दुसरी काढली. नर्सबाईंनी ती तिथल्या तिथे मागून उघडली. तीच पानं. तिसरीतही तेच.

चौथी प्रत शेजारच्या टेलरमास्तरांच्या हातात होती. पैसे काढायला त्यांनी खिशात हातही घातला होता. त्यांनी तसाच एका हाताने अंगठा लावून मागची पानं सोडली.

"मालक, हीसुद्धा तसलीच. एकाच चुकीच्या मापाने सगळे सदरे कापलेत की!" ते हसले. "पण तुम्ही वाचली ती प्रत चांगली असणार. ती द्या ना बाईंना."

"ती घरी आहे."

"घर काय परगावी आहे? वरच तर आहे. जा, घेऊन या. गल्ला मी बघतो."

तो हलला नाही. या दुकानात लोक आधी चिठ्ठी बघत, मग पुस्तक. चिठ्ठी असली की आत काय आहे हेही न बघता घेत. चिठ्ठ्या तो लिहायचा, पण वाचायची त्याची बायको. जेवताना ती गोष्ट सांगायची, सकाळी तो दोन ओळी लिहायचा. ती वारल्यापासून त्याने एक पान उलटलं नव्हतं. ही चिठ्ठी त्याने मागच्या पुठ्ठ्यावरचा मजकूर बघून लिहिली होती. आता ते उघडं पडणार होतं. त्याला स्वतःचं काही वाटत नव्हतं. पण एकदा ही चिठ्ठी खोटी ठरली, की फळीवरच्या सगळ्याच खोट्या ठरणार होत्या. तिने निवडलेल्यासुद्धा.

"प्रत राहू द्या हो," नर्सबाई म्हणाल्या. "तोंडीच सांगा. कालपासून डोक्यात नुसता भुंगा. तो माळी काम आटपून घरी येतो. बाहेरूनच बायकोला हाक मारतो. आणि तिथंच पान संपतं. ती ओ देते का?"

पुस्तकवाल्याची नजर वर गेली. छताकडे. वर काही वाजलं नाही.

"सांगा की," मास्तर म्हणाले. "विसरता न येणारा आहे ना?"

"नाही देत," तो म्हणाला.

स्वतःचा आवाज ऐकून तो आणखीच घाबरला. पण आता थांबता येईना.

"तो पुन्हा हाक मारतो. त्याला वाटतं, नळ चालू आहे म्हणून ऐकू गेलं नसेल. नळ चालूच असतो. तो आधी जाऊन नळ बंद करतो. मग बूट काढतो. आत बूट नेले की ती बोलते, म्हणून. जोडी नीट भिंतीला लावून ठेवतो. एरवी कधी ठेवत नाही. त्याला आत जायचं नसतं. मग जातो. ती खुर्चीत असते. चष्मा डोळ्यावर. मांडीवर..." तो थांबला. "मांडीवर पुस्तक असतं. बोट अजून पानातच."

मास्तरांनी खिशातला हात रिकामाच बाहेर काढला.

"मग?" नर्सबाईंनी हळू विचारलं. "मग तो काय करतो?"

"काय करणार? चार दिवसांनी दुकान उघडतो."

"माळ्याचं कसलं आलंय दुकान?" मास्तर म्हणाले.

नर्सबाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प झाले. पुस्तकवाला गल्ल्याची कड दोन्ही हातांनी धरून उभा होता. बाई आता काय म्हणतात, याची तो वाट बघत होता.

त्यांनी आपली प्रत उचलली. चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता. तो त्यांनी अंगठ्याने दाबून बसवला आणि पुस्तक पिशवीत टाकलं.

"बदलून नको, भाऊ. शेवट कळला मला."

मग त्या मास्तरांकडे वळल्या.

"आणि तुम्ही खिशातला हात कशाला काढलात? चिठ्ठी खरी आहे."