खंडेनवमीचं मशीन

“पीसीआरचं मशीन चालवून दाखव,” बायोटेकच्या शेवटच्या परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले.

उल्काने कोपऱ्यातल्या मशीनकडे पाहिलं. जनुकाच्या लाखो प्रती काढणारं ते मशीन तीन वर्षं प्लास्टिकखाली झाकलेलं. शिकवलं सगळं फळ्यावर. आणि येत्या सोमवारी पुण्याच्या कंपनीत तेच चालवून दाखवलं, तरच नोकरी.

“लाइट गेलीय, सर,” विभागप्रमुखांनी घाईने सांगितलं. डोक्यावर पंखा गरगरत होता.

उल्काचं डोकंच फिरलं. तिने प्लास्टिक ओढून झाकण उघडलं. नळ्यांच्या खाचांत अक्षता आणि वाळलेला झेंडू.

“सर, दर खंडेनवमीला आम्ही याची पूजा करतो. तेवढंच शिकलोय.”

“मार्क माझ्या हातात आहेत, लक्षात ठेव,” प्रमुख दातओठ खात म्हणाले.

परीक्षक खो खो हसले. “अहो, आमच्या कॉलेजात हार तरी ताजा असतो! जा पोरी, पास केलं तुला.”

उल्काने मशीनची वायर प्रमुखांपुढे धरली. “मार्क घाला चुलीत. हे चालवायला शिकवा, तोवर मी हलत नाही.”

प्रमुखांनी वायर घेतली, ती कुठे खोचायची हे शोधत मशीनला प्रदक्षिणा घातली आणि परीक्षकांकडे पाहिलं.

परीक्षक खिडकीबाहेर बघत होते.