दहा मिनिटांची परीक्षा

शहाण्णव साल. यशोधराला साखर कारखान्यात टायपिस्ट व्हायचं होतं, आणि त्यासाठी मिनिटाला चाळीस शब्दांचा वेग लागत होता. पंकजनं बहिणीसाठी एक जुना कॉम्प्युटर श्रीरामपूरच्या घरी आणला आणि दहा मिनिटांच्या परीक्षेचा प्रोग्राम स्वतः लिहिला. त्यातली मिनिटं प्रोसेसरच्या फेऱ्या मोजून ठरायची; ठरावीक फेऱ्या झाल्या की एक मिनिट. मग मशीन फारच रखडतंय म्हणून त्यानं मदरबोर्डवरचा, वेग ठरवणारा जंपर बदलला आणि तेहेतीस मेगाहर्ट्झचा प्रोसेसर चाळीसवर पळवला.

सहा महिने यशोधरा रोज नेमानं बसली, पण तिचा आकडा काही तेहेतीसच्या वर सरकला नाही.

"दादा, माझ्या बोटांतच दम न्हाई रे."

"मशीन कशाला खोटं बोलंल?" असं म्हणून वडिलांनी, अण्णांनी, कारखान्याचा अर्ज फडताळात टाकला आणि कर्जतच्या स्थळाला होकार कळवला.

हळदीच्या सकाळी ती शेवटचं एकदा म्हणून पंकजला शेजारी घेऊन कॉम्प्युटरपुढं बसली. रेडिओवर सात पाचच्या, दहा मिनिटांच्या बातम्या लागल्या तेव्हाच तिनं टायपिंग सुरू केलं. मशीनमधून पिप वाजलं आणि पडद्यावर आलं : वेळ संपली, वेग तेहेतीस.

"बघ, तेवढाच," ती हसत म्हणाली आणि हळदीला मांडवात निघून गेली.



पंकज मात्र पडद्यावरचं 'वेळ संपली' वाचत तिथंच थांबला. रेडिओवर त्या दहा मिनिटांच्या बातम्या अजून चालूच होत्या.