मेहुण्याची मरळ

शेततळ्यात कटला माशाची दोन हजार बोटुकली पिल्लं सोडली, त्याच दिवशी गुणाजीचा मेहुणा बादलीतून एक मरळ घेऊन आला. "दाजी, एवढी लहान पोरं एकटी कशी ठेवायची? सोबतीला कुणी मोठं असू द्या." बायको शेजारीच उभी होती, गुणाजीनं मुकाट्यानं मरळ पाण्यात सोडली.

वर्षभर तो पेंड-कोंडा टाकत राहिला. तळं रोज थोडं अधिक शांत होत गेलं. "वळण लागलंय माशांना," असं तो गावभर सांगायचा.

अखेर जाळं ओढलं, तर वर आली एकटी मरळ, चांगली मांडीएवढी. जाळेवाल्यानं कपाळावर हात मारला. "अहो, हिनंच खाल्ली की सगळी पिल्लं!"

गुणाजीनं बायकोकडं पाहिलं. तिचा ऊर भरून आला होता.

"बघा, शेवटी माझ्या भावानं दिलेली तेवढीच जगली!"