चार बोटं पोपटी

“फोटोत आलास तर कोर्टातबी येशील, सांगून ठिवतो!” बबनराव रस्त्यावरून ओरडले.

“माझ्या गॅलरीत मी उभा हाय. तुझ्या बापाची हाय का?” वरून आनंदरावांनी विचारलं.

दोघांचा बाप एकच होता. हे कॅमेरा लावून उभ्या असलेल्या सुलक्षणाच्या लक्षात आलं. त्या दोघांच्या नाही.

शिक्रापुरात हायवेला लागून ही तीन मजली बिल्डिंग दोघा भावांनी मिळून बांधली होती. खाली गाळे, मध्ये दोघांची बिऱ्हाडं, वर कंपनीतल्या पोरांना भाड्यानं खोल्या. तेव्हा आनंदराव थोरल्याला दादा म्हणत, अहो-जाहो करत. मग जिन्यावरून वाजलं. बबनरावांनी आपली बाजू गुलाबी केली, म्हणून आनंदरावांनी आपली पोपटी. पोपटी रंग चार बोटं गुलाबीत सरकला आणि प्रकरण कोर्टात गेलं. ती चार बोटं सिद्ध झाली, की रंगाच्या रेघेवर तळापासून गच्चीपर्यंत, जिन्याच्याही मधून, भिंत घालायची. एवढंच आता बबनरावांचं आयुष्यात करायचं राहिलं होतं.

मोबाईलवरचा फोटो समोरचा वकील खोटा ठरवतो, निगेटिव्हवाला आणा, असं त्यांच्या वकिलानं सांगितलं. निगेटिव्हवाली पंचक्रोशीत एकच. तळेगाव ढमढेऱ्यात पासपोर्ट फोटो काढून पोट भरायचं आणि सुट्टीच्या दिवशी हायवेच्या कडेच्या इमारती काळ्या-पांढऱ्या रोलवर टिपत हिंडायचं, हा सुलक्षणाचा उद्योग. लोक तिला येडी म्हणत. कालपर्यंत बबनरावही म्हणत. आज सुलक्षणाबाई म्हणत होते.

“यात रंग येत नाहीत हं, आप्पा,” तिनं आधीच बजावलं होतं.

“रंग कोण मागतंय? मला रेघ पायजे. माझं कुठं संपतं आन् त्याचं कुठं सुरू व्हतं, ती रेघ.”

“ए बाई, ते मशीन खाली घे!” वरून आनंदराव गरजले. “न्हाईतर बादली येतीय!”

“ओत की! हिंमत हाय का?” बबनराव पुढे झाले.

बादली खरंच आली. कॅमेरा रस्त्यापलीकडे होता, तो वाचला. बबनराव टोपीपासून भिजले. त्यांनी पायातली चप्पल हातात घेतली आणि जिन्याकडे धावले. वरून आनंदराव उतरले. जिन्यात काय झालं ते दिसलं नाही, पण ऐकू मात्र ट्रकच्या हॉर्नच्याही वर येत होतं. एकमेकांच्या आईचा उद्धार चालला होता. तीही एकच होती.

समोरची इमारत रिकामी झाली. सुलक्षणानं पिशवीतून डबी काढली. डबीत लाल काच होती. ती लेन्सवर चढवली की पोपटी काळा पडतो आणि गुलाबी पांढरा. तिनं काच आधी डोळ्यापुढे धरली. रेघ अशी उठून आली, की भिंत आत्ताच उभी राहिली म्हणावं.

तेवढ्यात पोपटी गॅलरीत आनंदरावांची सिंधूबाई आली. दोन्ही गॅलऱ्यांपुढून वाळवणाची एकच दोरी गेली होती. उन्हाची जागाच तेवढी. सिंधूबाईनं आपले कपडे काढले. मग वाकून, हात लांबवून, जावेची साडी काढली. खाली नवरा चपलेचा मार खात होता की देत होता, ते न बघता तिनं साडीची नीट घडी घातली आणि गुलाबी कठड्यावर ठेवली. वाऱ्यानं उडू नये म्हणून वर चिमटा लावला. आत गेली.

सुलक्षणानं काच डोळ्यावरून काढली. डबीत ठेवली. डबी पिशवीत ठेवली. आणि नुसत्या लेन्सनं बटण दाबलं.

कोर्टाच्या तारखेच्या आदल्या दिवशी बबनराव स्टुडिओत आले. गालावर ओरखडा होता, त्याचाही त्यांना पुराव्याला वेगळा फोटो हवा होता. आधी त्यांनी मोठा फोटो हातात घेतला, उजेडात नेला, चष्मा लावला. रस्त्याच्या कोपऱ्यातून तिरकी घेतलेली बिल्डिंग. सगळी एकाच राखाडी रंगाची. एकसारख्या खिडक्या, एकसारख्या गॅलऱ्या.

“ही बगा!” ते अचानक ओरडले. “आली रेघ!”

“ती वाळवणाची दोरी आहे, आप्पा. आडवी.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“आन् रंग?”

“दोन्ही एकाच तोलाचे. काळ्या-पांढऱ्यात सारखेच येतात.”

“त्यानं फितवलं तुला!” बाई पुन्हा तू झाली. “किती दिलं त्यानं? आं? माज्या भावाला मी वळखत न्हाई व्हय?”

किती तरी दिवसांनी ते त्याला भाऊ म्हणाले होते. शिवी म्हणूनच, पण म्हणाले.

“पटत नसेल तर ठेवा इथंच,” ती म्हणाली.

“इथं? तुज्या दुकानाच्या काचंत लावशील आन् त्याचं घर समद्या तळेगावला दाखवशील. माझं तेवढं मी नेतो. त्याचं ऱ्हाऊ दे हितंच, पायपुसण्याला!”

त्यांनी फोटो दोन्ही हातांत धरला. अंगठे मधोमध आले. मग जरा डावीकडे गेले, कारण मधोमध फाडला तर उजवीकडचं आपलं थोडं त्याच्याकडे जायचं. मग उजवीकडे, कारण त्याचं काडीभरही घरात नको होतं. पुन्हा डावीकडे. बाहेर जीपवाला शिक्रापूर, शिक्रापूर ओरडत होता.

बबनरावांनी मान वर केली.

“सुलक्षणाबाई,” ते म्हणाले, “आमचं कुठं संपतं वो ह्यात?”