घोड्याला पाणी

वडूजच्या तालमीत रविवारची मालिका संपली आणि शंभूराज पैलवानानं टीव्ही बंद केला. मालिकेतला चौथा वीर आज असुराला फितूर झाला होता.

“वस्ताद, मला कवापास्नं संशय हुता,” तो म्हणाला. “असुर वीरांच्या अंगात शिरतो म्हनत्यात, पर त्यो शिरतच न्हाई. चारी वेळा बघा, फितूर व्हायच्या आदल्या भागात वीराच्या घोड्याला पाणी दुसराच कुणीतरी पाजतो. ‘तुमी बसा, मी पाजतो’ म्हननारा त्यो नोकर, त्योच असुर!”

हंबीरराव वस्तादांनी कुस्तीच्या हौद्याकडं पाहिलं. तालमीचा नेम होता : गदा मिळवलेला पैलवान असला तरी हौद्यातली माती ज्याची त्यानं उकरायची. आज माती आधीच भुसभुशीत झालेली होती.

“माती कुणी उकरली रं?”

“ह्या आनंदा पोरानं. मी गदा आणल्यापास्नं त्योच उकरतो. लय गुणी गडी. न्हाई म्हनलं तरी ऐकत न्हाई.”

वस्तादांनी खोरं उचललं आणि शंभूराजपुढं धरलं.

“तुमी बसा, पैलवान,” म्हणत आनंदानं ते मधल्यामधे घेतलं.

शंभूराज बसला.