पांढरा प्लग

"भाऊजी, गाणं थांबवा. हवा जपायची आहे," नलूवहिनी म्हणाल्या आणि मल्हार गप्प झाला.

शनीच्या टायटन या चंद्रावर, आपल्या तळाकडे परतताना त्यांची गाडी आचके देत होती आणि प्राणवायूचा काटा झरझर उतरत होता. इथल्या हवेतच मिथेन, म्हणजे इंधन फुकट. टाकीत भरून न्यायचा तो प्राणवायू. त्याच टाकीवर इंजिन चालायचं आणि माणसंही.

इंजिन बंद करून वहिनींनी गाडीच्या आतूनच उघडणाऱ्या झाकणातून स्पार्क प्लग काढला. टोक पांढरंफटक पडलं होतं.

"म्हणजे इंधन कमी पडतंय. फवारा वाढवू या," मल्हार म्हणाला.

"ते पृथ्वीवर. इथे फवारा प्राणवायूचा आहे, तो जास्त होतोय. तिकडून आणलेला हा इंजेक्शनचा कॉम्प्युटरही तुमच्यासारखाच चुकतोय, फवारा वाढवतच चाललाय."

प्लग परत बसवून, लॅपटॉप जोडून त्यांनी इंजिन सुरू केलं आणि डोळे मिटून, आवाज ऐकत फवारा कमी कमी करत नेला. आता बंद पडणार, असं मल्हारला वाटलं, तोच आचके थांबले. इंजिन एका लयीत घुमू लागलं. काटाही जवळजवळ थांबला. मल्हार वहिनींकडे बघतच राहिला.

"तळापर्यंत पुरेल?" त्याने हळूच विचारलं.

वहिनींनी हात पुसले. "गा आता," त्या म्हणाल्या.