पळसाची पाच फुलं

उचगावातनं सळ्या भरल्या, की टेम्पोबाहेर आलेल्या टोकांना मुनव्वर लाल फडकं बांधायचा, तीन गाठी मारून. गेल्या फाल्गुनात एकदाच विसरला होता. त्या दिवशी गडमुडशिंगीच्या वळणावर मागनं फटफटीवरून येऊन त्या सळ्यांवर आदळला आणि जागीच गेला तो त्याचाच काशिफ, हाताशी आलेला लेक.

त्या वळणावरचा पळस तेव्हापासून वाळूनच गेला होता.

या सोमवारी गाडी चालवता चालवता त्याला फांदीवर एक लाल फूल दिसलं. मंगळवारी दोन दिसली. वसंत आला म्हणायचा, असं मनात आलं. पण आत काहीच हललं नाही.

माल उतरवताना मात्र रोज फडकं गायब असायचं.

"मुनव्वरभाई, गाठ ढिली बसती तुमची. दुसरं काय न्हाय," हमाल बाळासो म्हणाला.

"ह्या हातानं? आता?" मुनव्वर एवढंच बोलला.

शनिवारी भर दुपारी तो वळणावर थांबला, खाली उतरला. पळसावर पाच फुलं होती. त्याची पाच फडकी होती ती. हात पोचणार नाही इतक्या उंच, प्रत्येकाला तीन गाठी.

तो धावत गाडीकडं आला. आजचं फडकं सळ्यांवरच फडफडत होतं. हायसं वाटून तो आत बसला, तोच मागनं फटफटीचा आवाज जवळ येऊ लागला.

त्यानं आरशात बघितलं. रस्ता मोकळा होता, आणि फडक्याची एकेक गाठ सावकाश सुटत होती.